चालू नियतकालिकांचा विभाग माझ्याकडे आलाय, हे काम नीट शिकायचं कसं?

सई_पौडरोड
सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार. मी पुण्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सहायक आहे. बीलिब, एमलिब या ग्रंथालयशास्त्राच्या दोन्ही पदव्या विद्यापीठातून केल्या. तीन वर्षं देवघेवीच्या काउंटरवर होते. ३१ मेला आमच्या नियतकालिक विभागाच्या मॅडम निवृत्त झाल्या आणि १ जूनपासून तो विभाग माझ्याकडे आला. बावीस वर्षं त्यांनी तो एकटीने सांभाळला होता. जाताना लोखंडी कार्डेक्सची (आलेल्या अंकांच्या नोंदकार्डांच्या कपाटाची) किल्ली, दोन रजिस्टरं आणि एक डायरी माझ्या हातात दिली. डायरीतल्या खुणा फक्त त्यांनाच कळतील अशा आहेत.

एकूण ६४ नियतकालिकं येतात, त्यातली २३ मराठी. कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत निम्म्यांचीच नोंद आहे, बाकीची कार्डेक्सवर.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला. त्याला एका मराठी साप्ताहिकाचा मार्चमधला अंक हवा होता. पाणीवाटपावर त्यात लेख आहे असं त्याच्या सरांनी सांगितलं होतं. रॅकवर अंक नव्हता. कार्डेक्स उघडलं, तर त्या तारखेची चौकट रिकामी. अंक आलाच नाही, की येऊन हरवला, की आला पण नोंदवायचा राहिला, काहीच सांगता येईना. "असू दे मॅडम" म्हणून तो गेला. ती रिकामी चौकट दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलली नाही.

दुसरीकडे कोहा सांगतो की एका मासिकाचा नोव्हेंबर २०२५ चा अंक अजून यायचा आहे. आता जुलै चालू आहे! पुढच्या महिन्यांचे अंक माझ्या समोर रॅकवर आहेत, पण नोव्हेंबर आल्याशिवाय कोहा पुढे सरकायला तयार नाही. लेखापरीक्षकांनी विचारलंय की वर्गण्या आगाऊ भरल्या, तर सगळे अंक मिळाल्याचा पुरावा दाखवा. आणि प्राचार्यांचा प्रश्न असा, की सगळं ऑनलाइन मिळत असताना ६४ कशाला.

व्याख्या मला येतात. तीन-कार्ड पद्धतीवर परीक्षेत पानभर उत्तर लिहिलं होतं. मला विचारायचंय ते एवढंच, की सकाळी साडेदहाला टेबलाशी बसल्यावर पहिलं काय करायचं? ज्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलंय त्यांनी कृपया सांगावं.


जुनाकार्डेक्स
मंगळवार, सकाळी ७.१५

सई, तो मुलगा रिकाम्या हाताने गेला हे तुम्हाला लागलं. ते लागणं टिकवून ठेवा, या कामात त्याचाच उपयोग होतो.

मी पुण्यातल्याच एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात ३१ वर्षं होतो, त्यातली १९ नियतकालिकांवर गेली. कोहा मला बेताचाच येतो, त्याचं इथली तरुण मंडळी सांगतील. मी कामाचं सांगतो.

पुस्तक एकदा येतं, दाखल क्रमांक पडतो, कपाटात जातं. विषय संपला. नियतकालिकात आलेल्या अंकाची नोंद हे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे न आलेल्या अंकावर नजर ठेवणं, आणि न आलेला अंक टेबलावर येऊन काही सांगत नाही. ते आपल्याला शोधून काढावं लागतं.

रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले. तीन-कार्ड पद्धत त्यांचीच. नोंदपत्र, तपासपत्र, वर्गीकृत सूचीपत्र अशी नावं आपण पाठ करतो आणि पुढे जातो. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या वरिष्ठांनी मला त्यातलं मधलं कार्ड हातात धरून शिकवलं. लांबट पेटीत महिन्यांचे पुठ्ठे, त्यांच्या पोटात आठवड्यांचे पुठ्ठे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जो अंक यायला हवा, त्याचं तपासपत्र त्या आठवड्याच्या पुठ्ठ्यामागे. अंक आला की नोंदपत्रावर लिहायचं आणि तपासपत्र उचलून पुढचा अंक जेव्हा यायचा त्या आठवड्यामागे ठेवायचं. शनिवारी संध्याकाळी त्या पुठ्ठ्यामागे जी कार्डं उरली, तेवढे अंक आलेले नाहीत. त्यांना स्मरणपत्रं. माझी आठवण लागत नव्हती, डायरी लागत नव्हती. मी रजेवर असलो तरी दुसरा माणूस ती उरलेली कार्डं बघून पत्रं टाकू शकत होता.

कार्डेक्समध्ये आलेला अंक झटकन नोंदवता येतो, पण उशीर कळायला एकेक ट्रे ओढून प्रत्येक कार्ड बघावं लागतं. पट्टीच्या कडेला सरकवायच्या रंगीत खुणा त्याचसाठी असतात. तुमच्या कार्डेक्समध्ये त्या असतील तर पुन्हा लावा. नसतील तर साधी शूबॉक्सएवढी पेटी घ्या आणि ६४ कार्डं करा. दोन दुपारींचं काम आहे.

पण त्याआधी पहिला आठवडा फक्त रॅकसमोर उभं राहा. हातात पेन्सिल आणि कोरा कागद, कार्डेक्स बंद. एकेका नियतकालिकाचे जे अंक प्रत्यक्ष दिसतात तेवढेच लिहा. मग तो कागद कार्डाशी ताडून पाहा. कार्डावर आहे पण रॅकवर नाही, म्हणजे अंक आपल्याकडून गेलाय. रॅकवर आहे पण कार्डावर नाही, म्हणजे नोंद राहिली. दोन्हीकडे नाही, म्हणजे बहुधा आलाच नाही. या तिन्हींना वेगळ्या खुणा करा. यापुढे चौकट रिकामी सोडायची नाही. अंक आला नाही तर पेन्सिलने "स्म" आणि स्मरणपत्राची तारीख. दुसऱ्यांदा पाठवलं तर दुसरी तारीख. अंक आला की खोडून शाईने नोंद. असं असतं तर त्या मुलाला तुम्ही सांगू शकला असता, "अंक आलेला नाही, अमुक तारखेला पत्र गेलंय, आठ दिवसांनी ये." वाचकाला एवढं पुरतं. तो परत येतो.

वेष्टनं फेकू नका. हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगायचो. पत्त्याच्या चिठ्ठीवर वर्गणीदार क्रमांक असतो आणि बऱ्याचदा वर्गणी कोणत्या महिन्यात संपते तेही असतं. १९९४ च्या सुमारास आमच्याकडचं एक इंग्रजी मासिक अचानक थांबलं. पत्रं गेली, उत्तर आलं की अंक रवाना केले आहेत. आमच्या शिपाईमामांना वेष्टनं उलगडून, चपटी करून गठ्ठा बांधून ठेवायची सवय होती. तो गठ्ठा सोडला तर शेवटच्या दोन वेष्टनांवर पिनकोड ४११००४ च्या जागी ४११०४० पडलेला. ते दोन अंक ओळखीच्या पोस्टमनने शोधून आणून दिले असणार, पुढचे वानवडीकडे जात राहिले. ते वेष्टन पत्रासोबत जोडून पाठवलं आणि दीड महिन्यात सगळे अंक हातात पडले. मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. माझ्या मते त्या विभागातले सर्वांत चांगले कर्मचारी तेच होते.

स्मरणपत्राला उशीर करू नका. साप्ताहिकाचा पुढचा अंक आला आणि मधला नाही, की त्याच दिवशी फोन. मासिकाचं तसंच. परदेशी प्रकाशक ठरावीक मुदतीनंतर मागणी स्वीकारत नाहीत. छोट्या मराठी नियतकालिकांची अडचण वेगळी. तिथे जादा प्रती मोजक्याच असतात. दोन महिन्यांत मागितलात तर ती माणसं आपुलकीने पाठवतात. दोन वर्षांनी मागितलात तर त्यांच्याकडे फाइलची एकच प्रत उरलेली असते, ती ते कशी देणार?


पाषाण_सिस्टिम
मंगळवार, रात्री ११.०५

सई, नोव्हेंबरच्या अंकाचं कोडं सोपं आहे. ते मासिक मराठी आहे ना? मग नोव्हेंबरचा अंक निघालेलाच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर असा जोडून दिवाळी अंक निघाला असणार. कोहाला दिवाळी माहीत नाही.

मी एका संशोधन संस्थेत कोहा सांभाळतो आणि पहिल्या वर्षी हाच घोळ माझ्याकडे झाला होता. सरळ उपाय वाटतो तो असा, की जोडअंक एकदा पॅटर्नमध्ये, म्हणजे कुठला अंक कधी यायचा याच्या कोहातल्या साच्यात, भरून टाकावा. पण दिवाळी जागेवर राहत नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आलं. २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. यंदा अधिक ज्येष्ठ होऊन गेलाय, म्हणजे ८ नोव्हेंबरला. काही मासिकं त्यानुसार कधी सप्टेंबर-ऑक्टोबर, कधी ऑक्टोबर-नोव्हेंबर, कधी नोव्हेंबर-डिसेंबर जोडतात. त्यामुळे मराठी मासिकांचा पॅटर्न मी साधा बारा महिन्यांचाच ठेवतो आणि जोडअंक हाताने घेतो. ऑक्टोबरचा अंक घेताना क्रमांकाच्या रकान्यात "ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५, दिवाळी" असं लिहायचं, तो रकाना बदलता येतो. मग पुढचा नोव्हेंबर अपेक्षित म्हणून दिसेल. त्याला "नॉट अव्हेलेबल" करून शेऱ्यात "जोडअंक, ऑक्टोबर पाहा". लगेच डिसेंबर तयार होतो. नोव्हेंबरची ओळ डिलीट मात्र करू नका. पाच वर्षांनी कुणीतरी नोव्हेंबर शोधायला येईल, त्याला तो शेरा वाचायला मिळाला पाहिजे.

कोहाचा स्वभाव लक्षात घ्या. तो एका वेळी एकच पुढचा अंक तयार करतो. आधीच्या अंकाचं काय झालं ते तुम्ही सांगितलं की पुढचा. मधला अंक खरंच राहिला असेल आणि वाट पाहायची असेल तर "जनरेट नेक्स्ट" दाबा. मधला उशिराच्या यादीत जातो आणि पुढचा उघडतो. तुमची अडकलेली गाडी आज दुपारीच सुटेल.

उशीर आपोआप कळायला तीन गोष्टी लागतात आणि बहुतेक ठिकाणी तिन्ही राहून गेलेल्या असतात. वर्गणीच्या नोंदीत ग्रेस पिरियड, म्हणजे उशीर धरण्याआधी किती दिवस थांबायचं ते, भरलेला हवा. मी साप्ताहिकाला १०, मासिकाला ३०, परदेशी त्रैमासिकाला ६० दिवस देतो. सर्व्हरवर रोज रात्री "सीरियल्स अपडेट" ही स्क्रिप्ट चालायला हवी, ती ज्यांनी कोहा बसवून दिलाय त्यांना विचारा. आणि प्रत्येक वर्गणीला व्हेंडर (पुरवठादार) जोडलेला हवा, नाहीतर क्लेमच्या, म्हणजे न आलेले अंक मागण्याच्या, पानावर ती वर्गणी दिसतच नाही. वर काकांनी आठवड्याच्या पुठ्ठ्यामागे उरलेली कार्डं सांगितली, कोहाची लेट यादी म्हणजे तीच कार्डं. ती वाचेपर्यंत मला ग्रेस पिरियडचा रकाना का आहे हे नीट उमगलं नव्हतं, खरंच आभार.

पॅटर्न करताना सेव्ह करण्याआधी "टेस्ट प्रेडिक्शन" दाबून वर्षभराची यादी बघा. करंट सायन्ससारख्या पाक्षिकाच्या तारखा १० आणि २५, आणि वर्षात दोन खंड, प्रत्येकी बारा अंक. जुलैत खंड क्रमांक वाढून अंक पुन्हा एकपासून सुरू होतो. हे सांगितलं नाही तर कोहा १३, १४ असं मोजत जातो. ईपीडब्ल्यू (इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली) साप्ताहिक असला तरी मधूनच जोडअंक काढतो. २९ जून २०१३ चा अंक २६-२७ आहे. म्हणजे ५२ आठवडे म्हणून ५२ अंक मोजाल तर नसलेल्या अंकासाठी पत्र पाठवाल.

नाव बदलण्याचा अनुभव येईलच, म्हणून आत्ताच सांगतो. इकॉनॉमिक वीकली १९४९ साली सुरू झालं, १९६५ अखेर थांबलं आणि ऑगस्ट १९६६ पासून इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली आलं. अशा वेळी जुनी नोंद खोडून तिच्यावर नवं नाव चढवायचं नाही. दोन स्वतंत्र नोंदी करायच्या आणि मार्क या सूचीनोंदीच्या आराखड्यातल्या ७८० व ७८५ या फील्डमधून त्या एकमेकींना बांधायच्या.

वर्गणी एजंटच्या यादीतले आयएसएसएन (प्रत्येक नियतकालिकाचा आठ आकडी ओळख क्रमांक) टाइप करताना चुकलेले असतात. शेवटचा आकडा तपासायला असतो. ईपीडब्ल्यूचा ००१२-९९७६ घ्या. पहिल्या सात आकड्यांना ओळीने ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा. बेरीज ९३ येते. ११ ने भागल्यावर बाकी ५, ती ११ मधून वजा केली की ६. जुळला. वजाबाकी १० आली तर तिथे एक्स लिहितात, तो छपाईचा दोष समजू नका.


सई_पौडरोड
पुढच्या सोमवारी, रात्री १०.२०

काका, पाषाणदादा, काय बोलू. आठ दिवस रॅकसमोर उभी होते.

६४ पैकी ३८ जुळली. नऊ अंक रॅकवर होते पण कुठेच नोंद नव्हती. त्यातले चार खिडकीखालच्या पेटीत, वेष्टन न फोडलेले! दोन्हीकडे नाहीत असे एकोणीस. मराठी नियतकालिकांना मी शुक्रवारी फोन केले. दोन संपादकांनी स्वतः फोन उचलला आणि पत्ता पुन्हा विचारून घेतला. त्या साप्ताहिकाच्या कार्यालयात जुनी रजिस्टरं काढून पाहिली तर आमची वर्गणी फेब्रुवारीअखेर संपलेली. आमच्याकडून पैसे मार्चमध्ये गेले आणि नवी वर्गणी एप्रिलपासून धरली गेली. म्हणजे मार्चचे अंक कुणीच हरवले नव्हते, ते आमचे कधी नव्हतेच. त्यांनी मार्चचे चारही अंक किरकोळ किमतीत द्यायचं कबूल केलं. उद्या जाऊन घेऊन येणार आहे.

दिवाळी अंकाचं दादा म्हणतात तसंच निघालं. नोव्हेंबरच्या ओळीत शेरा घातला आणि सहा महिने एका दुपारी पुढे आले.

आता पैशांचं आणि लेखापरीक्षकांचं कुणी सांगेल का?


वर्गणी_अबचौक
मंगळवार, दुपारी १.४०

मी ग्रंथालयांच्या वर्गण्या प्रकाशकांकडे भरणारा एजंट. अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत २६ वर्षं हा धंदा केला, आता मुलगा बघतो. ताई, तुमचा मार्चचा घोळ मी दरवर्षी पाहिलाय.

नियतकालिकांचं वर्ष बहुतेक जानेवारी ते डिसेंबर. तुमचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. पैसे सुटतात फेब्रुवारी-मार्चात, आणि मधले दोन-तीन महिने हवेत. त्यामुळे मंजुरीचा कागद ऑगस्टमध्ये फिरवायला लागा, ऑक्टोबरअखेर ऑर्डर माझ्यासारख्याच्या हातात पडू दे. जी वर्गणी मधल्या महिन्यात संपते तिच्यासमोर कार्डावर लाल शाईने महिना लिहा.

दुसरी गोष्ट छोट्या मराठी मासिकांची. त्यांना एजंटमार्फत घेऊ नका, थेट भरा. पूर्वी मनीऑर्डरच्या कुपनावर चार ओळी लिहिता यायच्या, नाव, पत्ता, कुठल्या महिन्यापासून. आता पैसे ऑनलाइन जातात आणि तिकडे बँकेच्या पासबुकात फक्त "प्राचार्य" एवढंच उमटतं. कुठले प्राचार्य, कुठलं गाव, त्या माणसाने ओळखायचं कसं? अंक येत नाहीत आणि दोघंही एकमेकांना दोष देतात. पैसे भरले की त्याच दिवशी मेल किंवा व्हॉट्सॲप करा: यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक, रक्कम, पूर्ण पत्ता, पिनकोड, वर्गणी कधीपासून.

लेखापरीक्षकांना तीन कागद एकत्र टाचून दाखवा. वर्गणीची पावती, वर्षभराची आलेल्या-न आलेल्या अंकांची यादी, आणि न आलेल्यांसाठी पाठवलेल्या स्मरणपत्रांच्या प्रती. प्रत्येक अंक येतोच असं नाही, हे त्यांनाही कळतं. तुम्ही मागितला होता की नाही, ते त्यांना बघायचं असतं. वर्षअखेर एजंटकडून न मिळालेल्या अंकांची क्रेडिट नोट मागा. मी द्यायचो. जो देत नाही त्याच्याकडे पुढच्या वर्षी जाऊ नका, हे मी स्वतः एजंट असून सांगतो.

आणि परदेशी जर्नलांचे सगळे पैसे एकाच ठिकाणी, पुरावा न घेता, आगाऊ टाकू नका. सप्टेंबर २०१४ मध्ये नेदरलँड्सची स्वेट्स ही १९०१ पासूनची एजन्सी दिवाळखोरीत गेली, तेव्हा जगभरच्या ग्रंथालयांचे पैसे अडकले होते. एजंटने प्रकाशकाला पैसे भरल्याची पावती दोन महिन्यांत तुमच्या फाइलला लागली पाहिजे.


मृण्मयी_सदाशिव
मंगळवार, सायंकाळी ६.३०

मी ग्रंथपाल नाही. मराठी नियतकालिकांमधल्या शेतीविषयक लेखनावर पीएचडी करतेय. प्राचार्यांच्या प्रश्नाबद्दल सांगावंसं वाटलं.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची ऑनलाइन जर्नल्सची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, आणि ती शासकीय संस्थांसाठी. तुमच्या महाविद्यालयाला एन-लिस्ट (महाविद्यालयांसाठीची ऑनलाइन जर्नल्सची योजना) मिळत असेल तर तिथेही हजारो जर्नल्स आहेत. त्यात जे असेल ते छापील घेऊ नका, खरंच. पण मला लागणारी मराठी मासिकं, पाक्षिकं, संस्थांची त्रैमासिकं अशा योजनांत मला मिळालेली नाहीत. एका मासिकाच्या १९७८ च्या दोन अंकांसाठी मी पुण्यातली पाच आणि बाहेरगावची तीन ग्रंथालयं पालथी घातली. सहा ठिकाणी तो खंड होता आणि त्यातल्या चार ठिकाणी नेमके तेच अंक नव्हते. शेवटी वाईला मिळाले. ज्यांनी ते १९७८ साली वेळेवर मागून घेतले त्या व्यक्तीला मी कधी भेटणार नाही, पण माझं तिसरं प्रकरण त्यांच्यामुळे उभं आहे.

सई, कपात करायचीच झाली तर इंग्रजीतली ऑनलाइन मिळणारी कमी करा. ती २३ मराठी हलवू देऊ नका.


जुनाकार्डेक्स
बुधवार, सकाळी ७.३०

मृण्मयीताईंनी लिहिलंय ते प्रिंट काढून प्राचार्यांना द्या. सोबत आकडेही द्या. रोज दुपारी दोनला आणि संध्याकाळी बंद करण्याआधी टेबलांवर वाचून सोडलेले अंक उचलताना नावापुढे रेघ मारा. तीन महिन्यांत कुठलं वाचलं जातं ते दिसेल. वाचकांना सांगायचं, की अंक रॅकवर परत ठेवू नका, टेबलावरच राहू द्या. मोजणी त्यावरच चालते.

सई, एकोणीसमधले जे प्रकाशकाकडे मिळणार नाहीत त्यांची यादी करा आणि पुण्यातल्या इतर ग्रंथालयांना पाठवा. आमच्या वेळी दुबार अंकांच्या याद्या सायक्लोस्टाइल करून एकमेकांना द्यायचो. भेट म्हणून आलेले, दोनदा आलेले अंक प्रत्येकाकडे पडून असतात. गोखले इन्स्टिट्यूट, भांडारकर संस्था, आसपासची महाविद्यालयं, सगळं सायकलच्या अंतरावर. शनिवारी दुपारी पिशवी घेऊन निघायचो आणि दोन-तीन खंड पुरे करून यायचो. तुम्ही ग्रुपवर एक यादी टाकलीत तर तेच काम तासाभरात होईल.

बांधणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ऑगस्टमध्ये बाइंडर दारात येईल म्हणून सांगतो. अपुरा खंड बांधायला देऊ नका. एक अंक नसेल तर बाकीचे सुतळीने बांधून, वर चिठ्ठी लावून, वर्षभर थांबा. एकदा पुठ्ठा चढला की नंतर मिळालेला अंक आत घालता येत नाही, वेगळा पडून राहतो आणि हरवतो. दिवाळी अंक आकाराने मोठा असतो, बाइंडर सगळ्याची कड एकसारखी कापतो आणि दिवाळी अंकाच्या ओळी जातात. तो स्वतंत्र बांधा. मुखपृष्ठं आणि जाहिराती काढू देऊ नका, बाइंडर जाडी कमी करायला काढतात. मागे एकाने कापडाच्या गिरणीच्या जुन्या जाहिराती बघायला आमचे पन्नास खंड उलटले होते, आणि त्या होत्या म्हणून त्याचं काम झालं.

आणि वार्षिक सूची. काही नियतकालिकं ती शेवटच्या अंकात देतात, काही पुढच्या वर्षीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या अंकात सुटी घालतात. ते चार पानी फर्मे अंकातून गळून पडतात आणि झाडणारा माणूस उचलून टाकतो. त्यासाठी एक मोठं पाकीट कार्डेक्सच्या शेजारी टांगून ठेवा. सूची आली की मग खंड बाइंडरकडे द्या.